आबांची सही आबांनीच करायची

ताई, सप्रेम नमस्कार.

मी कराड तालुक्यातल्या एका गावची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वडील ६३ वर्षांचे, आम्ही त्यांना आबा म्हणतो. घरचा ऊस आणि दोन म्हशी. चाळीस वर्षं तंबाखू-चुना खाल्ला. दीड वर्षापूर्वी गालाच्या आतली जखम कॅन्सरची निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, शेक, म्हणजे रेडिएशन, झाले. आता मानेत गाठ आली आहे, आजार उलटला आहे.

ताई, आबांना आम्ही कॅन्सर हा शब्द आजवर सांगितलेला नाही. जखम चिघळली होती, आता गाठीत पू आहे, असंच सांगतो. आबा रोज पेपर वाचतात, कारखान्याचं ऊसबिल आलं की टनाचा हिशेब तेच मांडतात. म्हणून मुंबईला जाताना त्यांचा चष्मा आम्ही मुद्दाम घरी ठेवतो.

मागच्या खेपेला डॉक्टरांनी दादाला सांगितलं की एक ट्रायल चालू आहे. नेहमीच्या औषधांबरोबर आणखी एक औषध. ते कुणाला मिळेल आणि कुणाला नाही, हे कॉम्प्युटर ठरवणार. अकरा पानी मराठी कागद दिलेत आणि पहिल्याच ओळीत कर्करोग लिहिलंय. पेशंटशी स्वतः बोलावं लागेल असंही डॉक्टर म्हणाले. दादा म्हणतो, मी थोरला मुलगा, आबांच्या वतीनं मीच सही करतो. तात्या, म्हणजे आमचे चुलते, म्हणतात, गरिबाला उंदीर करतात, कागदाला हात लावू नका. आई म्हणते, डॉक्टर देवमाणूस आहेत, सांगतील तिथं सही करा, प्रश्न विचारून त्यांना दुखवू नका. पण शेवटच्या पानावर वारसाचं नाव विचारलेलं बघून तीच रात्रभर जागी होती.

पुढच्या गुरुवारी उत्तर द्यायचंय. हो म्हटलं तर आबांवर प्रयोग होईल का? नाही म्हटलं तर उपचारात हयगय होईल का? आणि दादाची सही चालेल का?

तुमची एक वाचक

*

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही एकेरीतच लिहिते. मी आयुष्यभर सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केलं. निवृत्तीनंतर एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर बसते. कोणती ट्रायल होऊ द्यायची आणि कोणती नाही, रुग्णाला द्यायचा कागद त्याला समजेल असा आहे की नाही, हे तिथं ठरतं. तुझ्या आईनं जे पान पाहिलं, तसली पानं मी शेकड्यांनी वाचली आहेत.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे दोन त्याच्यावर टांगलेले आहेत.

दादाची सही चालणार नाही. रुग्ण बेशुद्ध असेल, लहान मूल असेल, किंवा मनाच्या आजारामुळे त्याला निर्णय घेता येत नसेल, तरच घरच्या माणसाला त्याच्या जागी सही करता येते. लिहितावाचता न येणाऱ्यालाही स्वतःचाच अंगठा लावावा लागतो. फक्त तेव्हा रुग्णालयाशी संबंध नसलेला एक साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर लागतो. मग जो माणूस ऊसबिलातला टनाचा हिशेब मांडतो, त्याच्या वतीनं दादा कसा सही करेल? डॉक्टर आबांशी बोलावं लागेल म्हणाले, ते बरोबरच म्हणाले. दादाच्या सहीवर त्यांनी आबांना ट्रायलमध्ये घेतलं असतं, तर मीच तुला सांगितलं असतं की तिथून निघा.

याचा अर्थ सरळ आहे. ट्रायलच्या कागदावर आबांनी सही करायची, तर आधी आबांना आजार सांगावा लागेल. तुमच्या घरातला खरा पेच ट्रायलचा नाहीच. दीड वर्ष झाकून ठेवलेली गोष्ट त्या अकरा पानांनी उघडी केली आहे, म्हणून सगळे बावरलेत. दादाला सही स्वतः करायची आहे ती बहुधा हक्क गाजवायला नव्हे, आबांच्या समोर बसून तो शब्द उच्चारायला लागू नये म्हणून. मला त्याचा राग येत नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्हीही हेच केलं होतं, आणि मी तर याच कामात मुरलेली होते.

पण बाळा, त्यांना कळत नाही असं तुम्हाला खरंच वाटतं का?

नोकरीत असताना सोलापूरकडचे एक शेतकरी आमच्या वॉर्डात होते. जिभेचा कॅन्सर. बायकोनं आल्या दिवशी मला कोपऱ्यात नेऊन हात जोडले होते, 'बाई, ह्यांना सांगू नका, हाय खातील.' आम्हीही गप्प राहिलो. एक दिवस ती खाली चहा आणायला गेली आणि त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. बंडीच्या आतल्या खिशातून एक कागद काढला. केसपेपरची झेरॉक्स, घामानं मऊ झालेली, घड्यांवर फाटायला आलेली. गावातल्या औषधाच्या दुकानातल्या पोराकडून त्यांनी तो तीन महिन्यांपूर्वीच वाचून घेतला होता. बोलताना त्रास व्हायचा, तरी थांबत थांबत म्हणाले, 'तिला सांगू नका मला ठावं हाय म्हणून. तिला झोप लागायची न्हाई.' तेवढ्यात ती चहा घेऊन आली आणि कागद परत खिशात गेला. दोघं शेजारी बसून बशीनं चहा प्यायले. विहिरीवरची मोटर कुणाला द्यायची, धाकटीचं लग्न आधी उरकायचं का, हे सगळं त्या माणसाच्या मनात होतं आणि ते बोलायला घरात एक माणूस नव्हतं. ते गेले तेव्हा मोटर कुणाची यावरून दोन भावांत बोलणं बंद झालेलं होतं.

आबांनी पेपर वाचायचा सोडलेला नाही. ज्या रुग्णालयात ते जातात तिथल्या बाकांवर शेजारी कोण बसतं, त्यांच्या नाकात नळ्या आहेत, गाल शिवलेले आहेत, हे चष्म्याशिवायही दिसतं. शेक कशासाठी देतात हे गावात कुणाला माहीत नाही? त्यांना पक्कं ठाऊक असेल असं मी म्हणत नाही. पण ते विचारत नाहीत याचं कारण तुम्हाला वाचवणं हेही असू शकतं. तेव्हा पहिलं काम, तो चष्मा त्यांना परत द्या.

सांगायचं कसं, तर एकदम अंगावर ओतायचं नाही. आधी त्यांनाच विचारायचं, 'आबा, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतं? सगळं सांगू, की आम्ही बघावं असं तुम्हाला वाटतं?' आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार अवघड आहे. आपण लगेच 'काही नाही हो, बरं होईल' म्हणून भरून काढतो. तसं करू नकोस. ते म्हणाले, 'सांग', तर शब्द न बदलता सांग. गाठ, कॅन्सरच, परत आलाय, औषधं आहेत, आम्ही बरोबर आहोत. एवढं पुरतं. किती दिवस, किती महिने, हे त्यांनी विचारलं तर डॉक्टरांकडे ने. तुझ्या अंदाजानं बोलू नकोस.

आणि ते म्हणाले, 'मला नको सांगू, तुम्ही काय ते बघा', तर तेही उत्तरच आहे. न जाणून घेण्याचा हक्क माणसाला आहे. मात्र मग ट्रायलचा विषय तिथंच मिटला असं समज. ज्याला आजार माहीत करून घ्यायचा नाही, त्याला प्रयोगात घालता येत नाही. नेहमीचे उपचार चालू राहतील आणि ते घेण्यात काही कमीपणा नाही.

आता तुझा पहिला प्रश्न, आबांवर प्रयोग होईल का.

होईल. उगाच शब्द मऊ करत नाही. ट्रायल म्हणजे प्रयोगच. पण प्रयोग म्हणजे काहीतरी अघोरी, हा आपल्या मनातला अर्थ थोडा बाजूला ठेव. ट्रायल तेव्हाच करता येते जेव्हा दोन्हींपैकी बरं काय हे डॉक्टरांना खरंच माहीत नसतं. माहीत असेल आणि तरी अर्ध्या रुग्णांना कमी प्रतीचं द्यायचं ठरवलं असेल, तर आमची कमिटी परवानगीच देत नाही. आपल्या माणसांना इथंच ठेच लागते. डॉक्टर 'मला माहीत नाही' म्हणाले की आपला विश्वास डळमळतो. नवं औषध म्हणजे जास्त चांगलंच असणार, आणि ते आपल्याला मिळावं म्हणूनच डॉक्टर सुचवताहेत, असं आपण धरून चालतो. मग कॉम्प्युटरनं नेहमीच्या गटात टाकलं की फसवल्यासारखं वाटतं.

करोनातलं प्लाझ्मा आठव. २०२० मध्ये रात्री-अपरात्री व्हॉट्सअॅपवर निरोप फिरत होते, 'बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा डोनर हवा.' माणसं गाड्या काढून या शहरातून त्या शहरात गेली. त्याच काळात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर ट्रायल घेतली. निम्म्यांना प्लाझ्मा, निम्म्यांना नेहमीचे उपचार. निघालं असं की प्लाझ्मा दिल्यानं मृत्यू कमी झाले नाहीत आणि आजार बळावणंही थांबलं नाही. २०२१ च्या मे महिन्यात सरकारी उपचारसूचीतून प्लाझ्मा काढून टाकला. ज्यांच्या वाट्याला तो आला नाही ते तेव्हा स्वतःला कमनशिबी समजत असतील, पण त्यांचं काहीच हुकलं नव्हतं.

उलटंही घडतं. तुमच्याकडच्या जुन्या माणसांना मिरजेचं सॅनिटोरियम आठवत असेल. क्षय झाला की माणूस महिनोन्‌महिने घरापासून लांब, मोकळ्या हवेत नेऊन ठेवायचा, हीच रीत होती. सॅनिटोरियममध्ये जागा नसली की मरण समोर दिसायचं. १९५६ मध्ये मद्रासला क्षयाचे १९३ रुग्ण घेऊन एक ट्रायल सुरू झाली. चिठ्ठी पडेल तसे काही सॅनिटोरियममध्ये गेले, काही आपल्याच दाटीवाटीच्या खोल्यांत राहून औषध घेऊ लागले. औषध दोघांना एकच. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरातल्यांना लागणही जास्त झाली नाही. त्यानंतर जगभर क्षयावर घरी राहून औषध घेण्याची पद्धत रुळली. आज गावात कुणाला टीबी झाला तर तो आपल्या घरात राहून गोळ्या खातो, ते मद्रासच्या त्या गरीब माणसांमुळे. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. मला मात्र कमिटीच्या प्रत्येक बैठकीला ती माणसं आठवतात.

आबांच्याच जातीच्या आजाराचं सांगते. तोंडाचा, मानेचा कॅन्सर उलटला की निव्होलुमॅब नावाच्या इंजेक्शनचा उपयोग होतो हे बाहेरच्या देशांत आधीच कळलं होतं. पण पूर्ण मात्रेचा खर्च आपल्याकडच्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचा. नेहमीची मात्रा २४० मिलिग्रॅमची, तीही दर दोन आठवड्यांनी. परळच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी विचार केला, दर तीन आठवड्यांनी नुसते २० मिलिग्रॅम दिले तर? १५१ रुग्ण तयार झाले. ७५ जणांना नेहमीच्या गोळ्या, ७६ जणांना त्याच गोळ्या आणि सोबत हे थोडंसं इंजेक्शन. वर्षभरानं पाहिलं तर गोळ्यांच्या गटात शंभरातले १६ हयात होते, इंजेक्शनच्या गटात ४३. हे निकाल २०२२ मध्ये छापून आले.

हा आकडा वाचून तुझा जीव धावेल हे मला माहीत आहे. म्हणून लगेच सांगते, शंभरातले उरलेले ५७ वर्षभराच्या आत गेले. आणि आबांना विचारलेली ट्रायल हीच आहे असंही नाही. ती वेगळी असेल, तिचा निकाल अजून कुणालाच माहीत नाही. हे उदाहरण दुसऱ्याच कारणासाठी दिलं. ज्या ७५ जणांना इंजेक्शन मिळालं नाही, त्यांच्याशिवाय हे कळलंच नसतं. आबा 'हो' म्हणाले आणि चिठ्ठी नेहमीच्या औषधांची निघाली, तर ते या ७५ जणांसारखे असतील. आबांना हे आधी सांगायला हवं, आणि ते मान्य असेल तरच त्यांनी सही करावी. औषध मिळेल या एकाच आशेवर सही करू देऊ नकोस.

कॉम्प्युटर का ठरवतो, हेही तात्या विचारतील. डॉक्टरांनी निवड केली तर धडधाकट दिसणाऱ्याला नवं औषध द्यायचा मोह होतो. मग तो माणूस औषधानं तगला की अंगच्या ताकदीनं, हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून चिठ्ठी.

तात्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते. घरात सगळे त्यांना अडाणी ठरवून गप्प करत असतील, तर करू नका. त्यांचा संशय हवेतून आलेला नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात, म्हणजे आजच्या तेलंगणात, दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस एका अभ्यासाखाली दिली गेली. त्यांतल्या कितीतरी आदिवासी मुली होत्या, वसतिगृहांत राहणाऱ्या. २०१० मध्ये गाजावाजा होऊन काम थांबलं. चौकशीत दिसलं की दोन हजारांहून जास्त संमतीपत्रांवर आईबापांच्या नव्हे, वसतिगृहाच्या वॉर्डनच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले होते. ते लशीमुळे झाले असं चौकशीत निघालं नाही. पण संमती नीट घेतली गेली नव्हती, हे संसदेच्या समितीनं कडक शब्दांत लिहून ठेवलंय. त्या वॉर्डनबाईंनाही वाटलं असेल की आपण पोरींच्या भल्यासाठीच सही करतोय. दादाला हे वाचून दाखव.

त्यानंतर न्यायालयात खटले झाले, इंदूरच्या एका संघटनेची याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि २०१९ मध्ये नवे नियम आले. तुझ्या आईची झोप ज्या पानानं उडवली ते पान याच सगळ्यातून आलंय. ट्रायलमुळे रुग्णाला इजा झाली तर उपचार मोफत करावे लागतात. मृत्यू आला किंवा कायमचं अपंगत्व आलं आणि ते ट्रायलमुळे ठरलं, तर भरपाई द्यावी लागते. ८ लाख रुपये आधाररक्कम धरून, वय आणि आजार किती पुढे गेलाय हे बघून तिचं गणित मांडतात. ती भरपाई कुणाच्या हातात द्यायची, म्हणून वारसाचं नाव. शिक्षण, धंदा, वर्षाचं उत्पन्न हेही त्याच कागदावर विचारतात. आईला सांग, सोसायटीच्या खात्याला आणि एलआयसीच्या पॉलिसीलाही आबांनी वारस लावलाच आहे, तेव्हा कुणी अशुभ मानलं नव्हतं. काही ट्रायलमध्ये संमती घेताना कॅमेरा लावून चित्रीकरण करतात. तसं झालं तर बिचकू नका. आबांना समजावून सांगितलं का, याचा तो पुरावा आहे आणि तो त्यांच्याच बाजूचा आहे.

आईचा देवमाणसावरचा विश्वास मला मोडायचा नाही. तिनं दीड वर्ष त्या रुग्णालयाच्या पायऱ्यांवर काढलंय. तिला आधार लागतो, तो तिनं डॉक्टरांत शोधला. पण प्रश्न विचारल्यानं डॉक्टर दुखावतात ही भीती तिच्या मनातून काढ. ट्रायल करणाऱ्या डॉक्टरला प्रश्नांची उत्तरं द्यायचं बंधनच आहे. आमच्या कमिटीत कितीही निष्णात डॉक्टर असले, तरी वैद्यकाशी संबंध नसलेला एक सामान्य माणूस समोर बसल्याशिवाय बैठक सुरू करता येत नाही. 'हे मला समजलं नाही' असं म्हणायला कुणीतरी हवं, म्हणून. अलीकडेच एका माहितीपत्रकात 'यादृच्छिकीकरण' असा शब्द होता. आमच्या कमिटीतले निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, मला याचा उच्चारही येत नाही. तो कागद परत गेला आणि 'नाणेफेकीसारखं' असं लिहून आला. तुमच्या अकरा पानांत असला शब्द अडला तर आबांनी तिथं बोट ठेवून विचारावं.

हयगयीच्या भीतीबद्दल. नाही म्हटल्यानं उपचारात काही कमी होता कामा नये, हे त्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं, शोध. आज हो म्हणून दोन महिन्यांनी आबा 'आता नको' म्हणाले, तरी त्यांना कारण न देता बाहेर पडता येतं. प्रत्यक्षात तोंडावर थोडी नाराजी दिसू शकते, डॉक्टरही माणसंच आहेत. पण औषध बदललं, तारीख लांबवली, असं काही वाटलं तर त्याच कागदावर एथिक्स कमिटीच्या सचिवांचा फोन असतो. तो शोभेला नसतो. आमच्याकडे असा फोन आला की आम्ही संबंधित डॉक्टरांना विचारतो आणि उत्तर लेखी मागतो.

गुरुवारी कोण जाणार? माझं ऐकशील तर आबा, दादा आणि तात्या जाऊ देत. तू रजा काढून गेलीस तर उत्तमच. तात्यांना मुद्दाम न्या. घरात बसून 'उंदीर करतात' म्हणणारा माणूस डॉक्टरांच्या समोर बसला की फार कामाचे प्रश्न विचारतो, हे मी अनेकदा पाहिलंय. चिठ्ठी नेहमीच्या औषधांची निघाली तर आबांना नेमकं काय मिळेल, ट्रायल नसती तर दिलं असतं तेच ना? नव्या औषधाचे आतापर्यंत कळलेले त्रास कोणते, आणि आबांना गिळायला आधीच जड जात असेल, तर त्यात भर पडेल का? मुंबईच्या खेपा किती वाढतील? जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार? हे छोटं वाटतं, पण रात्रभर प्रवास करून, दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत जागा मिळते का बघत, पुन्हा सकाळी रांगेत उभं राहणं काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. रक्त तपासायला आणखी दोन खेपा म्हणजे आबांच्या अंगावर आणखी चार रात्री. तुमचे उपचार जन आरोग्य योजनेतून होत असतील तर ते ट्रायलमध्येही तसेच चालू राहणार का, हे पैशांचा हिशेब बघणाऱ्या खिडकीवरही विचारा, नुसतं डॉक्टरांना विचारून थांबू नका. ट्रायल संपल्यावर औषध लागू पडत असेल तर पुढे मिळणार का, हाही प्रश्न आहे. लोक तो विचारायचं विसरतात.

आणि सीटीआरआय क्रमांक, म्हणजे ट्रायलचा सरकारी नोंदणी क्रमांक, विचारून घ्या. देशातल्या प्रत्येक औषधाच्या ट्रायलची नोंद त्या सरकारी नोंदवहीत करावीच लागते, २००९ पासून ती सक्तीची आहे. तू इंटरनेटवर तो क्रमांक टाकून बघ. ट्रायल कोण करतंय, पैसा कुणाचा आहे, किती रुग्ण घेणार, सगळं दिसेल. ती नोंद इंग्रजीत असते, तू शिक्षिका आहेस, तात्यांना मराठीत सांग. क्रमांक द्यायला कुणी टाळाटाळ केली तर सही करायची नाही.

गुरुवारी तिथल्या तिथं सही कराच असं कुणी म्हणालं, तर घाई करू नका. कागद घरी नेऊन विचार करायला वेळ मागता येतो, आणि सही झाली तर तिची प्रत आबांच्या हातात मिळायला हवी. दादाला त्या खोलीत एक काम आहेच. आबांना ऐकताना शेजारी बसणं. सही नसली म्हणून थोरल्या मुलाची जागा जात नाही, हे तू त्याला सांग. तुझ्याकडून त्याला ते ऐकायला बरं वाटेल.

आबा काय म्हणतील हे मला ठाऊक नाही. कदाचित म्हणतील, 'माझ्यामागं तंबाखूवाल्या दुसऱ्या कुणाला उपयोग होत असंल तर करू दे.' मी असं म्हणणारे खूप पाहिलेत, अगदी फाटक्या चपलांचे. कदाचित म्हणतील, 'आता मुंबईच्या खेपा बास, मला घरी म्हशींजवळ राहू द्या.' दोन्हींपैकी जे म्हणतील ते तुम्ही ऐकायचं, आणि दुसऱ्या दिवशी चौघांनी मिळून त्यांचं मन वळवायला बसायचं नाही.

गुरुवारच्या आधी एक रविवार आहे. शाळेला सुट्टी असेल. सकाळी धारा काढून झाल्यावर, चहा झाला की त्यांच्याजवळ बस. आईलाही तिथंच बसव, नाहीतर ती चुलीपाशी एकटी रडेल. रात्री हा विषय काढू नकोस. सकाळी सांगितलं तर माणसाला दिवसभर उठून शेतात एक चक्कर मारता येते, दोन वेळा परत येऊन विचारता येतं. पेपर आणि चष्मा तिथंच त्यांच्या हाताशी ठेव, आणि ती अकरा पानंही.